गादीचा उतरता भाव

आमच्या आईचा दुकानदारांवर काडीचाही विश्वास नाही. दुकानदार गोड हसला तर तिला वाटतं माल पडून राहिलेला आहे, आणि नाही हसला तर वाटतं हा आपल्याला लुटणार. मला चालता यायला लागल्यापासून तिनं मला खरेदीला नेलं आणि एकच गोष्ट शिकवली. वस्तू आवडली की चेहरा पाडायचा, दुसऱ्याच वस्तूला हात लावायचा, आणि भाव अडला की "चल गं" म्हणून सरळ पायऱ्या उतरायच्या. "मागनं हाक येते का नाही बघ," ती पुटपुटायची. हाक यायचीच. मग वळायचं, पण लगेच नाही.

मध्यंतरी ही कला बुडाली होती. सगळे भाव पडद्यावर आले, तेही माणूस बघून बदलणारे, आणि पडद्याशी हुज्जत कोण घालणार? पण मोठ्या कंपन्यांच्या लक्षात आलं की घासाघीस करून चार पैसे सुटले की माणूस खुशीत घरी जातो आणि परत येतो. म्हणून दुकानांतून पुन्हा हाडामांसाचे विक्रेते बसले. प्रत्येकाला किती खाली यायचं त्याची मुभा ठरवून दिलेली. आईला गेलेलं राज्य परत मिळाल्यासारखं झालं.

तर माझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि गादी घ्यायची राहिली होती. मी आणि निहार आमची गादी आम्ही घेणार होतो. पण पलंग आणि गादी मुलीच्या घरून जाते, आणि ती आई घेते, यावर आई अडून बसली. बाबा बेळगावकडच्या पाहुण्यांना आमंत्रणं द्यायला गेले होते, त्यामुळे तिला आवरणारं कुणी नव्हतं.

आदल्या दिवशी तिनं माळ्यावरची भांड्यांची लोखंडी पेटी एकटीनं खाली उतरवली होती. तेव्हा तिच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, खाडकन काहीतरी झालं. बराच वेळ ती भिंत धरून उभी राहिली. मग म्हणाली, लचक भरली. बाम चोळला, ओव्यानं शेकलं. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाली, "लग्न होऊ दे, मग काय ते एकदम दाखवू." मी रागावले, पण जास्त ताणलं नाही. लग्नघरात सगळ्यांचंच काही ना काही दुखत असतं.

राजारामपुरीतलं 'शयनिका' नावाचं ते दुकान तीन मजली होतं. खाली गाद्या, मधे पलंग, आणि सर्वांत वर रजया, उशा वगैरे. आम्हाला घ्यायला जो विक्रेता पुढे आला त्याचं नाव तौफिक नदाफ. तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काचेची पाटी.

"या मावशी, या ताई. आमच्या आजोबांनी तुमच्या घरचा कापूस पिंजला असंल बघा. नदाफ आम्ही. पिढ्यान् पिढ्या गादीवालेच."

"गोड बोलतोय," आई माझ्या कानात म्हणाली. "सावध राहा."

या नव्या गाद्यांची गंमत अशी. साध्या वजनकाट्यावर स्तब्ध उभं राहिलं तर काटा अगदी बारीक थरथरताना दिसतो. ती थरथर हृदयाची असते. हृदय दर ठोक्याला रक्त वर फेकतं आणि त्याचा उलटा धक्का सगळ्या शरीराला बसतो. मग ते रक्त छातीतल्या मुख्य धमनीच्या कमानीतून वळून खाली जातं, तेव्हा दुसऱ्या बाजूनं धक्का बसतो. आपल्याला यातलं काही जाणवत नाही. पण गादीत काचेचे केसासारखे धागे विणलेले असतात, आणि त्यांतून जाणारा उजेड तेवढ्या धक्क्यानंही हलतो. गादीवर थोडा वेळ पडलं की तुमचा श्वास, ठोके, कुठं भार पडतो, कुठं अंग आखडतं, सगळं तिला कळतं. त्या मापानं मग तुमची गादी बनवतात.

गादीला एवढं कळतं म्हटल्यावर विक्रेत्यांनी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. सुरुवातीच्या काळात ते सर्रास म्हणायचे, तुमचं हृदय अशक्त दिसतंय, ही महागातली गादी घ्या. आईलाही एकानं असंच घाबरवलं होतं. ती आठ दिवस झोपली नाही, आणि डॉक्टरांनी तपासलं तर काही नव्हतं. अशा तक्रारींचा ढीग झाला, खटले झाले, आणि शेवटी कायदा आला. जे यंत्र डॉक्टरांचं नाही त्याची नोंद विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर नोकरी जाणार आणि दंड वेगळा. लोक त्याला तोंडबंदी म्हणतात. मला तो कायदा अगदी योग्य वाटायचा.

बायकांसाठी पडद्याची वेगळी खोली होती. नोंद माझ्या नावानं झाली, माझा फोन दाराला लावला आणि खोली म्हणाली, "अन्विता मगदूम, स्वागत आहे." नदाफ पडदा ओढून बाहेर थांबला. तेवढ्यात मला कामावरून फोन आला. मी पाणीपुरवठा विभागात गळत्या शोधते. जमिनीखालच्या पाइपांवर यंत्र ठेवायचं आणि पाण्याचा आवाज ऐकून कुठं काय बिघडलंय ते सांगायचं. एका टाकीजवळ गडबड झाली होती आणि मी नसताना कुणाला काही सुचत नव्हतं.

"तू बोल," आई म्हणाली. "मी पडते."

"अगं, माप माझं घ्यायचंय."

"तुझी माझी अंगकाठी एकच आहे. तुझे ब्लाउज आजवर कुणाच्या मापानं शिवले? शिंप्याकडं कधी गेलीस तू?"

हे खरं होतं. आमच्याकडे बाई दुसरीचं माप बिनदिक्कत देऊन येते. शिवाय तिची पाठ दुखत होती, जरा पडावंसं तिला वाटत असणार. मी खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पाइपांबद्दल बोलत राहिले आणि आई माझ्या नावानं माझ्या गादीवर पडून राहिली. खोलीला काही फरक पडला नाही.

आम्ही बाहेर आलो. नदाफ पाटीकडे बघत होता. त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं दुकानी हसू गेलेलं होतं. ते त्यानं परत आणलं, पण नीट बसलं नाही.

"ताई, बसा," तो मला म्हणाला. "इथं, या मऊ खुर्चीवर. पाय वर घ्या वाटल्यास. पाणी आणू?"

"मला नको. आईला द्या."

"तुम्ही घ्या. सावकाश. काही दुखतंय का तुमचं? छातीत, पाठीत?"

"नाही हो."

आईनं मला चिमटा काढला. याचा अर्थ, बोलू नकोस, तो पाणी जोखतोय. मग तिनं चेहरा पाडला आणि शेजारच्या, आम्हाला मुळीच नको असलेल्या गादीवर थापटी मारली.

"ही केवढ्याला? तशी आम्हाला काही घाई नाही."

"ताईंच्या मापाची एक लाख दहा हजारांना बसेल, मावशी. तुम्हाला एक लाखाला देतो."

आई थबकली. तिनं अजून कमी करा असं म्हटलंही नव्हतं. "ऐंशी," ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"पंच्याऐंशी करूया. निवांत बोलू. ताई, तुम्ही मागं टेका बघू."

आईचे डोळे बारीक झाले. माल खराब असणार, असं तिच्या मनात आलेलं मला स्पष्ट दिसलं. "चल गं अन्वी," ती म्हणाली आणि पर्स उचलली. मी सवयीनं उठले.

नदाफ अक्षरशः माझ्या आडवा आला. "ताई, तुम्ही उठू नका. मावशी, ऐंशी म्हणजे ऐंशी. पण ताईंना बसू द्या."

हाक मारणारे खूप पाहिले होते, पण वाट अडवणारा हा पहिलाच. मला त्याचा राग आला. आईला मात्र चेव आला. समोरचा घायकुतीला आलेला दिसला की ती आणखी वेळ काढते, मग भाव आपोआप उतरतो. "मी जरा वर रजया बघून येते," ती म्हणाली. "तोवर तुम्ही नीट विचार करा."

"हो हो, बघून या की," नदाफ म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालेलं दिसलं. लिफ्टमध्ये कुणाची तरी मोठी गादी आडवी अडकली होती, म्हणून आई जिन्यानं निघाली.

ती दिसेनाशी होताच नदाफ माझ्या खुर्चीशी उकिडवा बसला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"ताई, मला काही सांगता येत नाही. तुम्हाला माहीत आहे का सांगता येत नाही ते. आमच्या नियमात असं लिहिलंय की असं काही दिसलं तर सौदा करायचा नाही, हसून निरोप द्यायचा. पुढचं कंपनी बघणार नाही, कुणीच बघणार नाही." त्यानं पाटी गुडघ्यावर ठेवली. ती माझ्याकडे वळलेली होती. "मी तुम्हाला काही दाखवलेलं नाही. मी फक्त पाटी खाली ठेवलीय. रुग्णवाहिका बोलावलीय, गिऱ्हाईक बेशुद्ध पडलंय असं खोटंच सांगून. ती येईतो तुम्ही हलू नका, एवढंच म्हणतो."

मी पाटीकडे पाहिलं. खाली लाल पट्टी होती आणि वर लाटांचा आलेख. तुलनेसाठी बाजूला निरोगी माणसाचा आलेख होता, दर ठोक्याला एक उंच टोक आणि मग विरत जाणाऱ्या लाटा. इथं टोक बुटकं होतं, आणि त्याच्यामागे थोड्या अंतरानं दुसरं, मऊ, उशिरा आलेलं टोक. दर ठोक्याला दोन.

डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. पण ही आकृती मी कामावर पाहिलेली आहे. मोठ्या पाइपांना आतून अस्तर असतं. वळणाच्या जागी कधीकधी ते अस्तर फाटतं आणि पाणी अस्तर आणि पाइप यांच्या मधे शिरतं. मग एकाच धक्क्याचे दोन धक्के ऐकू येतात, एक खऱ्या वाटेनं गेलेल्या पाण्याचा आणि एक चोरवाटेनं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. पण वरचा दाब जरा वाढला की तो पाइप फुटतो. असा पाइप सापडला की आम्ही आधी एकच गोष्ट करतो. दाब उतरवतो.

छातीतली ती कमान. काल खाडकन झालेलं ते.

"नदाफ," मी म्हणाले. "पडद्याआड मी नव्हते पडले. आई पडली होती."

मग आम्ही दोघांनीही जिन्याकडे पाहिलं. ज्या बाईनं एक पाऊलही टाकायला नको होतं, तिला त्यानं स्वतःच्या तोंडानं दोन मजले चढायला पाठवलं होतं.

मी धावले. तो जिना मला अजूनही स्वप्नात दिसतो. दर वळणावर मला वाटत होतं की आता आई पायरीवर पडलेली दिसणार, आणि मी मनात तिला शिव्या देत होते, तिच्या पेटीला, तिच्या ब्लाउजांना, माझ्या फोनला. मागून नदाफ येत होता. "ताई, ओरडू नका," तो दबक्या आवाजात म्हणाला. "घाबरल्या तर दाब वाढंल. चिडल्या तरी वाढंल."

आई वरच्या मजल्यावर उभी होती. एक हात पाठीवर, आणि दुसऱ्या हातानं मांडणीवरची जाडजूड रजई खाली ओढत होती. चेहरा पांढरा पडला होता.

"आई, ती सोड," मी होईल तितक्या सहज म्हणाले. "मी काढते."

"एवढी धापा का टाकतेस? लग्नाच्या मुलीनं असं धावायचं?"

रजई मी काढून घेतली. तिथं नमुन्याची एक गादी मांडलेली होती, तसलीच, धाग्यांची. आईला तिच्यावर आडवं कसं करायचं ते मला सुचेना. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, घाबरवून विकतोय, एकदा फसले, पुन्हा नाही. आणि तरातरा जिना उतरून गेली असती. तेव्हा नदाफ पुढे झाला आणि परत दुकानदार झाला.

"मावशी, ऐंशीत माझं काही उरत नाही. पण आमच्यात एक पद्धत आहे. गादीचा भाव उभ्यानं करत नाहीत. तुम्ही इथं निवांत पडा, आणि पडून किती खाली आणता ते बघू. आजोबा असंच करायचे."

अशी कुठलीच पद्धत नव्हती, हे त्यानं मला नंतर सांगितलं. आईनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. पण तिच्या दृष्टीनं हे आव्हान होतं, आणि पाठही दुखत होती. ती पडली. मी शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. नदाफनं पाटी अशी धरली की मला दिसावी. दोन टोकं, पुन्हा दोन टोकं. पायऱ्या चढल्यानं ठोके भरभर पडत होते.

"सत्तर," आई छताकडे बघत म्हणाली.

"अठ्ठ्याहत्तर, मावशी."

"सत्तर म्हटलं ना."

तो थांबला. मी त्याच्याकडे बघून पापण्या मिटल्या, म्हणजे हळू. लगेच हो म्हटलं तर सौदा संपणार आणि ती उठणार. फार ताणलं तर ती चिडणार. तो बिचारा एकेक हजार उतरत होता आणि प्रत्येक हजारामागे आजोबांची एक गोष्ट सांगत होता. सावंतवाडीच्या एका घरात सापडलेल्या जुन्या उशा, बैलगाडीतून नेलेला कापूस. आईला गोष्टी आवडत होत्या, पण तसं दाखवायचं नसल्यानं ती "हं" एवढंच म्हणत होती. लाटा जरा शांत झाल्या. खाली रस्त्यावर भोंगा वाजला. मी कान टवकारले, पण ती दुसरीच कसली गाडी होती.

"पंच्याहत्तरच्या खाली नाही म्हणताय?" आई एकदम म्हणाली. "मग राहू दे. चल गं अन्वी." आणि ती कोपरांवर उठायला लागली.

पाटीवरचं दुसरं टोक फुगलं. मला दिसलं ते.

"आई, मला हीच गादी हवीय," मी म्हणाले.

ती अर्धवट उठलेली तशीच थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी दुकानदाराच्या तोंडावर वस्तू आवडल्याचं कबूल केलं होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरचा दरवाजा उघडा टाकून आले. तिच्या मानेवरची शीर उडत होती.

"पन्नास," नदाफ घाईनं म्हणाला. "पन्नासला देतो मावशी. पडा. पडून बोला."

आई परत टेकली. मला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच, कारण ती पुढचा आकडा बोलेना. नुसती छताकडे बघत राहिली. ती हिशेब करत होती. मी तिला ओळखते, हिशेब करताना तिचे ओठ किंचित हलतात.

"तुम्हा पोरांना मुभा किती असते?" तिनं शांतपणे विचारलं. "पाव हिस्सा. फार तर थोडं जास्त. त्याच्याखाली गेलं की तुमच्या पगारातनं कापतात ना?"

"हो, मावशी."

"मग तू अर्ध्याच्याही खाली आलायस."

नदाफनं पाटी छातीशी ओढून घेतली.

"तीस वर्षं बाजार करतेय मी. या भावात कुणी देत नाही. मरणारं माणूस सोडून कुणालाच कुणी असं देत नाही." तिनं मान वळवली आणि माझ्या हाताकडे पाहिलं. मी तिचं मनगट किती घट्ट धरलंय ते मला तेव्हा कळलं. "अन्वी. मघाशी मी पडले होते ना. माझ्यात काय निघालं?"

मला रडू फुटलं. जे करायचं नाही असं ठरवलं होतं नेमकं तेच झालं. नदाफ पाटी छातीशी धरून उभा होता. त्यानं सांगणं गुन्हा होता, मी सांगणं नव्हता. म्हणून मीच सांगितलं. तिला पाइपांचं सगळं माहीत आहे, रोज रात्री जेवताना मी तेच बोलत असते. मी म्हणाले की हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या पाइपाचं अस्तर काल पेटी उचलताना फाटलं असावं. वेळेवर नेलं तर डॉक्टर शिवतात. गाडी येतेय. तोवर फक्त दाब वाढवायचा नाही.

आई ऐकत होती. मला वाटलं आता ती नदाफला बोल लावेल, उठेल, काहीतरी करेल. ती एवढंच म्हणाली, "मग तू रडू नकोस. तू रडलीस की मला कसंतरी होतं."

मी डोळे पुसले. तिनं डोळे मिटून घेतले आणि सावकाश, मोजल्यासारखा श्वास घ्यायला लागली.

"बाळ," ती नदाफला म्हणाली, "पहिला भाव किती सांगितला होतास?"

"ते राहू द्या आता, मावशी."

"सांग."

"एक लाख दहा हजार."

"बरं," आई म्हणाली. "तेवढेच घे."

एवढा वेळ मी पाटीवरच्या लाटांना भीत होते. त्या मला कळत होत्या, आणि कळणाऱ्या गोष्टीशी झगडता येतं. पण आई सांगितलेल्या भावाला "बरं" म्हणालेली मी जन्मात ऐकली नव्हती. सगळं आवरून ठेवून निघालेल्या माणसासारखं ते वाटलं. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आई, कमी कर ना. थोडं तरी कमी कर."

मग जिन्यात पावलं वाजली आणि स्ट्रेचर वर आलं.

शस्त्रक्रिया चालू होती तेवढा वेळ बाबा, निहार आणि मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की शिवलंय, जगतील. आणखी दोन जिने चढल्या असत्या तर त्या आमच्यापर्यंत पोचल्याच नसत्या, असंही म्हणाले. मी नदाफला फोन केला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

कंपनीची दोन माणसं आईला भेटायला आली, फळं घेऊन, गोड हसत. आमच्या कर्मचाऱ्यानं तुम्हाला नोंद दाखवली का, काही सांगितलं का, एवढंच त्यांना हवं होतं. मी तोंड उघडायच्या आत आई उशीवरून म्हणाली, "त्यानं भाव सांगितला. दुसरं काय सांगणार? माझ्या मुलीला पाइपांतलं कळतं, तिनं ओळखलं." त्यांनी तऱ्हेतऱ्हेनं विचारून पाहिलं. दुकानातल्या माणसांशी आई आजवर खरं बोललेली नाही, त्यामुळे तिला काही जड गेलं नाही. तौफिकची बदली झाली नाही की नोकरी गेली नाही. अर्ध्या भावात द्यायला निघाल्याबद्दल मात्र त्याला समज मिळाली.

लग्न दोन महिने पुढे गेलं. आई खुर्चीत बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. छाती अजून दुखायची, आवाज बारीक झाला होता, आणि भाजीवाल्यानं सांगितलेले पैसे ती मुकाट्यानं देऊन टाकायची. डॉक्टर म्हणायचे प्रकृती सुधारतेय. मला पटत नव्हतं. ती चिडू नये म्हणून आम्ही सगळे जपून बोलायचो, आणि ते जपणं तिला कळत होतं.

दिवाळीच्या आधी ती म्हणाली, उशा घ्यायच्यात, शयनिकात जाऊया. तौफिक दारातच भेटला, तिच्या पाया पडला, आणि आतून दोन उशा घेऊन आला. "तुमच्याकडनं काय घ्यायचे, मावशी. अशाच न्या."

आईनं उशी हातात घेतली. दाबून पाहिली. शिवण उलटी करून पाहिली. मग तिचा चेहरा हळूहळू पडला, आणि तिनं ती उशी परत ठेवून शेजारच्या, मला माहीत होतं की तिला मुळीच नको असलेल्या, उशीला हात लावला.

"फुकट कशाला देतोस? कापूस जुना आहे का? खरा भाव सांग, मग बघते."

तौफिकनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं भाव सांगितला, चांगला चढवून. आई त्यावर जी सुटली ती सुटलीच. खुर्चीत बसून मी त्या दोघांचं भांडण ऐकत राहिले, आणि ते कधी संपू नये असं मला वाटत होतं.